पाऊस कमी पडला तरी डेंग्यू का वाढतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘आमच्या शहरात यंदा पाऊस सरासरीपेक्षा बराच कमी झाला, तरी डेंग्यूचे रुग्ण गेल्या वर्षीपेक्षा जास्त आहेत. गेल्या वर्षी रस्त्यांवर गुडघाभर पाणी होतं, तेव्हा साथ आली नाही. मग पाऊस, उष्णता, अस्वच्छता यांचा या साथींशी नेमका संबंध काय?’

गेली बावीस वर्षं मी शहरांतल्या डासांवर काम करते आहे. घरोघरी, गच्च्यांवर, बांधकामांवर जायचं, साठलेल्या पाण्यात अळ्या आहेत का पाहायचं, असल्या तर कोणत्या जातीच्या ते ओळखायचं, हे माझं रोजचं काम. वर दिलेला प्रश्न मला दर वर्षी कोणी ना कोणी विचारतं. विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुतेक वेळा एकच साखळी असते: पाऊस, डबकी, डास, ताप. या साखळीत चुकतो तो ‘डबकी’ हा शब्द.

डबक्यातला डास वेगळा आणि पिंपातला वेगळा. डेंग्यू, चिकुनगुनिया आणि झिका पसरवणारी एडिस इजिप्ती ही माणसाच्या भांड्यांवर वाढलेली जात आहे. रस्त्यावरच्या गढूळ पाण्यात ती क्वचितच अंडी घालते. तिला हवं असतं भिंती असलेलं, सावलीतलं, बऱ्यापैकी स्वच्छ आणि आठ-दहा दिवस कोणी हात न लावलेलं पाणी: पिंप, टाकी, टायर, कुंडीखालची ताटली, फ्रिजमागचा ट्रे, न वापरलेल्या संडासाचा फ्लश. गटारात आणि तुंबलेल्या नाल्यात लाखोंनी होतो तो क्युलेक्स. तो रात्री चावतो, झोप घालवतो, काही भागांत हत्तीरोगही पसरवतो, पण डेंग्यूशी त्याचा संबंध नाही. शहरी मलेरियाचा डास तिसराच, त्याच्याकडे मी पुढे येते. ‘डास वाढले’ असं कोणी म्हटलं की माझा पहिला प्रश्न असतो, कोणते? कारण पाऊस आणि ऊन या तिघांना सारखं लागू पडत नाही.

घरात पिंप असेल तर एकदा जवळून पाहा. झाकण काढून लगेच टॉर्च मारला की अळ्या वळवळत तळाला जातात आणि पाणी रिकामं वाटतं. तिथेच बहुतेक जण झाकण ठेवून देतात. मिनिटभर थांबा. श्वास घ्यायला त्यांना वर यावंच लागतं. शेपटाकडची नळी पृष्ठभागाला टेकवून, डोकं खाली करून तिरप्या लटकतात त्या एडिसच्या किंवा क्युलेक्सच्या अळ्या. घरातल्या स्वच्छ पाण्यात असतील तर बहुधा एडिसच्या. पाण्याला समांतर, आडव्या पडून राहतात त्या अ‍ॅनॉफिलीसच्या, म्हणजे मलेरिया पसरवणाऱ्या डासाच्या. मग पाण्याच्या रेषेच्या जरा वर, पिंपाच्या आतल्या भिंतीवर नजर टाका. पेन्सिलीच्या टोकाने ठिपके दिल्यासारखे काळे कण दिसले तर ती एडिसची अंडी. ती पाण्यात नसतात, ओलसर भिंतीला चिकटवलेली असतात. पाणी ओतून दिलं तरी ती तिथेच राहतात, कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात आणि पुन्हा पाणी वर चढलं की काही तासांत त्यांतून अळ्या बाहेर पडू शकतात. पिंप नुसतं उपडं करून भागत नाही, आतून घासावं लागतं, त्याचं कारण हे. महिनोन्‌महिने कोरड्या पडलेल्या गच्चीवर पहिल्या सरीनंतर दहा दिवसांत डास कुठून येतात, याचंही उत्तर तेच आहे. ते कुठून आलेले नसतात, तिथेच असतात.

आता कमी पावसाचं वर्ष डोळ्यांसमोर आणा. धरणात पाणी कमी म्हणून नळाला पाणी एक दिवसाआड येऊ लागतं, मग दोन दिवसांआड. लोक काय करतात? कोणताही शहाणा माणूस करेल तेच: आणखी दोन पिंपं आणतात. ज्या घरात एक बादली रोज रिकामी होत होती तिथे चार भांडी आठवडाभर भरलेली राहतात. पाऊस पडो न पडो, डासाच्या दृष्टीने हा पावसाळाच असतो, उलट जास्त भरवशाचा. पावसाचं पाणी उन्हाने आटतं, पिंपातलं आटत नाही. माणूस ते पुन्हा पुन्हा भरतो.

हा माझा एकटीचा अनुभव नाही. ब्राझीलमधल्या जवळजवळ दोन दशकांच्या नोंदींचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. अतिवृष्टीनंतर डेंग्यूचा धोका पुढच्या तीन महिन्यांत वाढलेला दिसला, तर तीव्र दुष्काळानंतर तो तीन ते पाच महिन्यांनी वाढला. दुष्काळाचा हा परिणाम शहरी भागात आणि पाणीपुरवठा वारंवार खंडित होणाऱ्या ठिकाणी अधिक ठळक होता. त्याआधी २०११ मध्ये व्हिएतनाममधून असंच एक निरीक्षण आलं होतं. डेंग्यूचा सर्वाधिक धोका दाट वस्तीच्या मध्यवर्ती शहरात नव्हता, तर चौरस किलोमीटरला साधारण ३ ते ७ हजार लोक राहतात आणि नळाचं पाणी पोचलेलं नाही अशा वस्त्यांमध्ये होता. म्हणजे शहराची कड. माणसं आली, घरं झाली, जलवाहिनी अजून आली नाही, अशी जागा.

म्हणून माझं ठाम मत आहे की शहरातल्या डेंग्यूसाठी पर्जन्यमापकाइतकंच पाणीपुरवठ्याचं वेळापत्रक वाचलं पाहिजे. कोणत्या भागात नळ किती दिवसांआड येतो याचा नकाशा आणि तीन महिन्यांनंतरच्या रुग्णांचा नकाशा शेजारी ठेवून पाहा. मी हे एकापेक्षा जास्त शहरांत केलं आहे.

गेल्या वर्षी पूर आला तेव्हा साथ का नव्हती, तेही यातूनच कळतं. जोरदार पाऊस सतत पडतो तेव्हा उघड्यावरची भांडी ओसंडतात आणि अळ्या वाहून जातात. सर्वांत वाईट पाऊस कोणता म्हणाल, तर थांबून थांबून येणारा: एक सर, मग पाच-सहा दिवस ऊन, पुन्हा एक सर. भांडी भरलेली राहतात, पण ओसंडत नाहीत. एकूण पाऊस किती मिलिमीटर झाला यापेक्षा दोन सरींमध्ये किती दिवस गेले, हे डासासाठी महत्त्वाचं.

क्युलेक्सचं गणितही कोरड्या वर्षात बदलतं. पाऊस असला की गटारं धुऊन निघतात; नसला की सांडपाणी घट्ट होऊन साचून राहतं, आणि अशा पाण्यात क्युलेक्स जोमाने वाढतो. अमेरिकेत सेंट लुईस शहरात १९३३ च्या उन्हाळ्यात मेंदूज्वराची मोठी साथ आली, हजाराहून अधिक रुग्ण झाले, आणि तो उन्हाळा अतिशय उष्ण आणि कोरडा होता. तो आजार आज सेंट लुईस एन्सेफलायटिस म्हणूनच ओळखला जातो आणि तो क्युलेक्समुळे पसरतो.

अस्वच्छतेचं काय? इथे मला थोडं सविस्तर लिहायचं आहे, कारण या एका समजुतीमुळे खूप श्रम वाया जातात. क्यूबातल्या हवाना शहरात १९०० च्या सुमारास अमेरिकी लष्करी प्रशासन होतं आणि पीतज्वराने (यलो फीव्हरने) लोक मरत होते. पीतज्वर एडिस इजिप्तीच पसरवते. हा रोग डासामुळे होतो असं कार्लोस फिन्ले या क्यूबन डॉक्टरने १८८१ मध्येच मांडलं होतं, पण ते कोणी मनावर घेतलं नव्हतं. अमेरिकी लष्करी डॉक्टर विल्यम गॉर्गस यांनी आधी शहर स्वच्छ केलं: कचरा उचलला, रस्ते धुतले, मैला हटवला. इतर आजार कमी झाले, पीतज्वर मात्र १९०० मध्ये उलट वाढला. वॉल्टर रीड या दुसऱ्या लष्करी डॉक्टरांच्या पथकाने डासाची भूमिका प्रयोगाने सिद्ध केल्यावर १९०१ मध्ये गॉर्गस यांनी मोर्चा पाण्याच्या भांड्यांकडे वळवला. घरोघर तपासणी, पिंपांना झाकणं, उघड्या पाण्यावर तेलाचा थर, ऐकलं नाही तर दंड. काही महिन्यांतच हवानातला पीतज्वर संपला. झाडू तेव्हाही चालत होता, पण तो चुकीच्या जागी चालत होता. कचरा उचलणं गरजेचं आहेच, त्यातले डबे, टायर, करवंट्या, प्लास्टिकचे पेले पाणी धरतात. तरी लख्ख पुसलेल्या घरात, ज्याच्या उंबऱ्यावर धुळीचा कण नाही, तिथे मी कोषांनी (अळी आणि डास यांच्यामधली शेवटची अवस्था) भरलेलं पिंप पाहिलेलं आहे.

असंच एक घर माझ्या लक्षात राहिलं आहे. चार मजली इमारत, मागे नाला. आठवड्याभरात तिथे सहा जणांना डेंग्यू झाला होता आणि सगळ्या रहिवाशांचा रोख नाल्यावर होता. नाल्यातून मी पळीने पाणी घेतलं, त्यात अळ्या होत्या, सगळ्या क्युलेक्सच्या. मग घरं पाहायला लागलो. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी पिंपाला स्वच्छ पांढरं कापड बांधलं होतं, सुतळीने, अगदी घट्ट. पण कापड मधोमध लोंबून पाण्याला टेकलं होतं. ते उचलून उजेडात धरलं तेव्हा ओल्या भागाच्या कडेने काळ्या ठिपक्यांची ओळ होती. एका बाजूला कापडाला चिमटीएवढी फट होती, तेवढी मादीला आत-बाहेर करायला पुरते. बाईंनी काळजी घेतली होती, आणि काळजीने बांधलेल्या त्या कापडानेच अंड्यांना जागा दिली होती. त्यांचा चेहरा उतरला. मी त्यांना तेव्हा सांगितलं तेच इथे सांगते: कापड बांधायचं तर ताणून, पाण्याच्या वर वीतभर अंतर ठेवून, आणि दर आठवड्याला काढून धुऊन. घट्ट बसणारं झाकण मिळालं तर कापड नकोच.

आता तापमान. उष्णतेने डास वाढतात हे अर्धंच खरं आहे. अळ्या लवकर मोठ्या होतात, पण साथीसाठी त्याहून मोठी गोष्ट डासाच्या पोटात घडते. रुग्णाचं रक्त प्यायल्यावर मादी लगेच रोग देऊ शकत नाही. विषाणू तिच्या आतड्यातून वाढत वाढत लाळग्रंथीपर्यंत पोचावा लागतो. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात या प्रवासाला ३० अंश सेल्सिअसला १२ दिवस लागले, आणि ३२ ते ३५ अंशांना फक्त ७. पाच दिवसांचा फरक लहान वाटतो, पण डासाचं आयुष्य किती ते पाहा. दर दिवशी दहातली एक मादी मरते असं धरलं, तर विषाणू प्यायलेल्या शंभर माद्यांपैकी १२ व्या दिवशी जेमतेम २८ जिवंत असतात, आणि ७ व्या दिवशी ४८. डासांची संख्या तीच, पण रोग देऊ शकणाऱ्या माद्या पावणेदोन पट. डासांचा त्रास जाणवण्याइतका वाढलेला नसतो आणि रुग्ण मात्र वाढलेले असतात, त्यामागचं एक मोठं कारण हे.

वरच्या टोकालाही मर्यादा आहे. एडिस इजिप्तीमार्फत डेंग्यूचा प्रसार साधारण २९ अंशांच्या आसपास सर्वांत जोरात होतो आणि ३४-३५ च्या पुढे तो जवळजवळ थांबतो, असं अलीकडची गणितं सांगतात. मलेरियासाठी हा आकडा २५ च्या जवळपास येतो. म्हणून ‘तापमान वाढलं की सगळेच डासजन्य आजार वाढणार’ असं सरसकट म्हणू नये. शिवाय हवामान केंद्रातला तापमापक ज्या हवेत असतो त्या हवेत एडिस राहत नाही. ती पलंगाखाली, कपाटामागे, टांगलेल्या कपड्यांच्या घडीत बसलेली असते. सिमेंट आणि डांबर दिवसभर तापतं आणि रात्री उष्णता सोडतं, त्यामुळे शहरात रात्री फारशा गार होत नाहीत. विषाणूच्या वाढीला दिवसाचा चटका नव्हे, ही उबदार रात्र मदत करते.

यानंतरची गोष्ट लोकांच्या नजरेतून सर्वांत जास्त सुटते: उशीर. आज दवाखान्यात आलेल्या रुग्णाचा हिशेब मागे मोजत जाऊ. ताप येऊन तपासणी व्हायला तीन-पाच दिवस. डास चावल्यापासून ताप यायला बहुधा पाच-सात दिवस. त्याआधी विषाणू डासात पिकायला आठ-बारा दिवस. त्याआधी मादीला कोणा रुग्णाला चावायला काही दिवस, आणि त्याही आधी अंड्यातून डास व्हायला आठ-दहा दिवस. बेरीज चार ते सहा आठवडे होते. तीही एकाच फेरीची, ज्यात एखाद-दुसराच रुग्ण असतो आणि तो कोणाच्या लक्षातही येत नाही. बातमी व्हावी इतके रुग्ण जमायला अशा दोन-तीन फेऱ्या लागतात. म्हणजे साथ डोळ्यांना दिसते तेव्हा तिचं कारण दोन-तीन महिने मागे पडलेलं असतं. ‘या महिन्यात पाऊस नाही, तरी रुग्ण आहेत’ हे कोडं मुळात कोडं नाही. या महिन्याचा पाऊस या महिन्याच्या रुग्णांशी लावून पाहण्यात चूक होते आहे.

धुराच्या फवारणीची मर्यादाही इथेच कळते. यंत्र गल्लीतून जातं तेव्हा हवेत उडणारे डास मरतात. पिंपातली अळी, कोष आणि भिंतीवरची अंडी यांना काही होत नाही, आणि घरात कपाटामागे बसलेल्या मादीपर्यंत बाहेरचा धूर क्वचितच पोचतो. अनेक शहरांत एडिसने या कीटकनाशकांना प्रतिकारही मिळवला आहे. रुग्णाच्या घरात आणि लगतच्या घरांत, आत जाऊन, वेळेत केलेली फवारणी उपयोगी पडते. रस्त्यावरच्या धुराने मुख्यतः काही तरी होतंय असं समाधान मिळतं.

पर्यावरणाने सगळं समजत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. एडिस सहसा शे-दोनशे मीटरच्या परिसरातच राहते. विषाणूला शहरभर नेतो तो माणूस: दिवसा शाळेत, कामाच्या जागी, नातेवाइकांकडे. ताप न आलेला, आपल्याला लागण झाल्याचं माहीतही नसलेला माणूससुद्धा डासाला विषाणू देऊ शकतो. आणि डेंग्यूचे चार प्रकार आहेत. एकदा झाला की त्या प्रकाराविरुद्ध प्रतिकारशक्ती टिकते, बाकीच्या तिघांविरुद्ध टिकत नाही, उलट दुसऱ्या प्रकाराची लागण जास्त गंभीर होऊ शकते. काही वर्षं एका प्रकाराचं राज्य असलेल्या शहरात दुसरा शिरला की तेच डास, तोच पाऊस, आणि तरी मोठी साथ. सिंगापूरने घराघरांतली डासोत्पत्ती दशकानुदशकं फार कमी ठेवली आहे. तरी २०२० मध्ये तिथे ३५ हजारांहून अधिक रुग्ण झाले. चांगल्या नियंत्रणामुळे बहुतेकांना आधी डेंग्यू झालेलाच नव्हता, म्हणून प्रतिकारशक्ती कमी, आणि अनेक वर्षांनी प्रकार तीनने उचल खाल्ली. अमेरिका-मेक्सिको सीमेवर लारेडो आणि नुएवो लारेडो ही जोडशहरं आहेत, मध्ये फक्त नदी. १९९९ मध्ये तिथे पाहणी झाली तेव्हा डास अमेरिकेच्या बाजूला जास्त आणि डेंग्यू मेक्सिकोच्या बाजूला जास्त निघाला. अमेरिकेच्या बाजूला खिडक्या बंद आणि वातानुकूलन जास्त, हा त्यातला मोठा फरक होता.

मलेरियाबद्दल मघाशी म्हटलं होतं. हा खेड्यापाड्यांचा आजार अशी समजूत आहे, पण अ‍ॅनॉफिलीस स्टीफेन्सी ही जात गच्चीवरच्या टाक्या, विहिरी आणि बांधकामावर साठवलेलं पाणी यांत छान वाढते. ती मूळची दक्षिण आशिया आणि आखाताच्या बाजूची. २०१२ मध्ये आफ्रिकेतल्या जिबुतीत ती पहिल्यांदा सापडली. त्या वर्षी तिथे मलेरियाचे २७ रुग्ण नोंदले गेले होते; २०२० मध्ये ७३ हजारांहून अधिक. इथिओपियातल्या दिरे दावा शहरात २०२२ मध्ये आलेल्या साथीतही हीच जात सापडली, आणि ती साथ कोरड्या हंगामातली होती. वाढणाऱ्या कोणत्याही शहरात बांधकामाची जागा मी सर्वांत आधी पाहते: लिफ्टचा खड्डा, तळघरात साचलेलं पाणी, स्लॅबवर क्युरिंगसाठी (काँक्रीट ओलं ठेवून मुरवायला) अडवलेलं पाणी. शिवाय तिथे दूरदूरहून आलेले कामगार असतात, त्यांतल्या एखाद्याच्या रक्तात परजीवी आधीच असू शकतो. त्यांना दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. उघड्यावर झोपणाऱ्या त्या माणसांनाच सर्वांत आधी मलेरिया होतो, आणि त्यांची रक्ततपासणी सर्वांत शेवटी होते.

तुमच्या शहराबद्दल इथे बसून निदान करता येणार नाही, पण मी तिथे असते तर पुढच्या दोन आठवड्यांत काय पाहिलं असतं ते सांगते. पहिलं, गेल्या चार महिन्यांत कुठे पाणीकपात झाली, भागवार. दुसरं, रुग्णांच्या नमुन्यांत विषाणूचा कोणता प्रकार आढळतो आणि तो गेल्या काही वर्षांत तिथे होता का. तिसरं, भांड्यांची पाहणी, पण अळ्या असलेली भांडी नुसती मोजायची नाहीत, कोष मोजायचे. मी नवी होते तेव्हा प्रत्येक अळीवाल्या भांड्याला सारखंच महत्त्व देत होते. कुंडीच्या ताटलीला एक खूण, दोनशे लिटरच्या पिंपाला एक खूण. कोष मोजायला लागल्यावर कळलं की वस्तीतले जवळजवळ सगळे डास मोजक्या मोठ्या भांड्यांतून येत होते. ताटल्यांवर घालवलेले माझे कित्येक दिवस त्या पिंपांवर जायला हवे होते.

अंगात वोलबाकिया हा जिवाणू असलेले, म्हणजे डेंग्यूचा विषाणू नीट वाढू न देणारे डास मुद्दाम सोडण्याबद्दलही हल्ली विचारलं जातं. इंडोनेशियातल्या योग्यकार्तामध्ये त्यामुळे डेंग्यू ७७ टक्क्यांनी कमी झाल्याचं २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं, आणि ते काम मला आश्वासक वाटतं. पण त्याला काही वर्षांची तयारी लागते, या हंगामात त्याचा उपयोग नाही.

या हंगामात तुमच्या हातात आहे तो आठवड्याचा एक ठरलेला वार. अंड्यातून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून सात दिवसांचं अंतर. त्या दिवशी पिंपं रिकामी करून आतून ब्रशने घासायची, विशेषतः पाण्याची रेषा जिथे असते तिथे, आणि मगच भरायची. पाणी ओतून देणं परवडत नसेल, आणि कपातीच्या दिवसांत ते परवडत नाहीच, तर पाणी बारीक जाळीतून दुसऱ्या भांड्यात गाळून घ्या आणि रिकामं झालेलं भांडं घासा. टाकीच्या ओव्हरफ्लो पाइपला जाळी आहे का ते पाहा, ती बहुतेक ठिकाणी फाटलेली असते. आणि घरात कोणाला ताप असेल तर त्याला दिवसासुद्धा मच्छरदाणीत ठेवा. एडिस दिवसा चावते, आणि त्या चार-पाच दिवसांत तिला चावू दिलं नाही तर पुढची फेरी तुमच्या घरातून सुरू होत नाही.